लहान उद्योगाची वाढ नेमकी कुठे अडते?

लेथवाला (धागाकर्ता)

लघु आणि मध्यम उद्योगांच्या कामगिरीवर परिणाम करणारे घटक विचारले, तर भांडवल, बाजारपेठ, कुशल मनुष्यबळ, तंत्रज्ञान, कायदेकानू, वीज, स्पर्धा ही यादी बहुतेकांना तोंडपाठ असते. यादी चुकीची नाही. मात्र ती वाचून सोमवारी सकाळी आपल्या कारखान्यात काय बदलायचे ते कळत नाही, कारण तिच्यात सगळे घटक एकाच वजनाचे असल्यासारखे ओळीने मांडलेले असतात. यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना मी २२ वर्षे चालवतो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की एका ठरावीक आकारानंतर उद्योगाची वाढ सर्वांत आधी मालकाच्या दिवसापाशी अडते. पैसा आणि बाजार त्यानंतर येतात.

‘लहान’ म्हणजे किती, याचा खुलासा आधी करतो. युरोपीय संघाच्या २००३ च्या व्याख्येत १० पेक्षा कमी माणसांचा उद्योग सूक्ष्म, ५० पेक्षा कमी माणसांचा लघु आणि २५० पेक्षा कमी माणसांचा मध्यम धरला आहे. त्याला उलाढालीच्या किंवा ताळेबंदाच्या रकमेची जोडही आहे. प्रत्येक देशाची मोजपट्टी निराळी असली, तरी माझ्या मुद्द्यापुरती १० ते ५० माणसांची पट्टी महत्त्वाची आहे. दहा माणसे असेपर्यंत मालकाच्या नजरेतून काही सुटत नाही आणि पन्नास झाल्यावर सगळेच सुटायला लागते. मधला सगळा प्रवास ‘मी पाहतो’ पासून ‘कोणीतरी पाहते’ पर्यंतचा असतो, आणि तोच बहुतेकांना जमत नाही.

माझ्याकडे सहा यंत्रे आणि १९ माणसे असतानाची गोष्ट सांगतो. नवा जॉब यंत्रावर चढला की पहिला नग मी स्वतः मोजून पास करायचा आणि मगच पुढचा लॉट सुटायचा, असा नियम होता. चांगला मायक्रोमीटर माझ्या टेबलाच्या खणात असे आणि खणाची किल्ली माझ्या खिशात. ऑर्डरी पुऱ्या होत नव्हत्या, त्यामुळे यंत्रे कमी पडतात असे ठरवून सातव्या यंत्रासाठी मी कर्जाचा अर्ज तयार केला. अर्जासोबत यंत्रांच्या वापराचा तक्ता हवा होता. म्हणून एक आठवडा प्रत्येक यंत्राशेजारी पाटी टांगली आणि यंत्र थांबले की ऑपरेटरने वेळ व कारण खडूने लिहायचे, असे सांगितले. शनिवारी पाट्या उतरवल्या. ‘इन्सर्ट (धातू कापणारे बदलायचे पाते) संपले’, ‘ड्रॉइंग नाही’, ‘वीज’ ही कारणे अपेक्षित होती. अपेक्षित नव्हते ते ‘साहेब येईपर्यंत’. सहा यंत्रांच्या मिळून २८८ तासांपैकी ४१ तास एवढ्या एका कारणाने गेले होते. म्हणजे जे यंत्र विकत घ्यायला मी निघालो होतो ते जवळजवळ अख्खे माझ्या खणात कुलूपबंद होते.

एडिथ पेनरोज या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९५९ मध्ये हीच गोष्ट सिद्धान्त म्हणून मांडली होती, हे मला फार उशिरा कळले. यंत्र, जागा आणि पैसा बाहेरून आणता येतो. पण हा विशिष्ट उद्योग चालवायचे ज्ञान असलेला माणूस बाहेर तयार मिळत नाही, तो आतल्या लोकांबरोबर काम करतच घडतो. त्याला घडवण्यात जुन्या माणसांचा जो वेळ जातो, तोच वेळ विस्ताराच्या कामालाही हवा असतो. त्यामुळे उद्योग शेवटी किती मोठा होईल यावर नसली, तरी तो एका काळात किती वेगाने वाढू शकेल यावर मर्यादा येते.

याला प्रयोगाचाही आधार आहे. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी मुंबईजवळच्या काही कापड गिरण्यांना व्यवस्थापन सल्लागार विनामूल्य पुरवून काय फरक पडतो ते तपासले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सल्लागारांनी लावलेल्या सवयी अगदी साध्या होत्या: दोषांची रोज नोंद ठेवणे, यंत्रांची देखभाल वेळापत्रकाने करणे, सुताचा साठा मोजून आणि लावून ठेवणे. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मला जास्त बोलका वाटला तो त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष. मालकाकडे किती गिरण्या आहेत, हे कारभार किती चांगला आहे यापेक्षा कुटुंबात विश्वासाचे पुरुष किती आहेत यावर अधिक ठरत होते. भाऊ आणि मुलगे संपले की वाढ संपली, कारण बाहेरच्या माणसाच्या हाती किल्ली द्यायची तयारी नव्हती.

इतरांचा अनुभव काय आहे? विशेषतः ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी सविस्तर लिहावे.

खतावणी

लेथवाला, तुमची पाटी मला आवडली, पण निष्कर्ष मान्य नाही. गेली अनेक वर्षे मी लहान उद्योगांचे हिशोब पाहतो आणि माझ्यासमोर बंद पडलेल्यांपैकी बहुतेक जण शेवटच्या वर्षीही कागदावर नफ्यात होते. ते रोखीअभावी बुडाले, आणि रोख संपली ती बहुतेकदा धंदा वाढल्यामुळे. आकडे मुद्दाम सोपे घेतो.

समजा, एका उद्योगाची दरमहा विक्री १०० आहे. त्यासाठी ८५ खर्च होतो आणि तो सगळा त्याच महिन्यात रोख द्यावा लागतो. गिऱ्हाईक मात्र ९० दिवसांनी पैसे देते. घडी बसलेली आहे तोवर काही बिघडत नाही: दर महिन्याला तीन महिन्यांपूर्वीच्या बिलाचे १०० येतात, ८५ जातात, १५ उरतात. आता मोठी ऑर्डर मिळाली आणि विक्री एकदम १५० झाली. खर्च त्या प्रमाणात १२७.५ झाला. वसुली मात्र पुढचे तीन महिने जुन्याच बिलांची, म्हणजे १०० ची. दरमहा २७.५ ची तूट, तीन महिन्यांत ८२.५. याच तीन महिन्यांत पुस्तकात दिसणारा नफा किती? दरमहा २२.५ प्रमाणे ६७.५. मालक नफा-तोट्याचा तक्ता पाहून समाधानी असतो आणि त्याच आठवड्यात पगाराला पैसे नसतात. दोन आकड्यांतला १५० चा फरक गिऱ्हाइकांकडे अडकलेला असतो. चौथ्या महिन्यापासून दरमहा २२.५ उरू लागतात, म्हणजे खड्डा भरायला आणखी जवळजवळ चार महिने लागतात. तेही मध्ये पुन्हा वाढ झाली नाही, एकही बिल थकले नाही आणि मालकाने घरखर्चाला काही उचलले नाही तर.

यात मालकाचा वेळ कुठेही आलेला नाही, हे लक्षात घ्या. मालक कितीही दक्ष असला तरी ९० दिवसांची उधारी ९० दिवसांचीच राहते. वसुली ९० ऐवजी ६० दिवसांवर आली, तर याच उदाहरणातली तूट ५५ वर येते. त्यामुळे वाढीवर परिणाम करणारा एकच घटक निवडायला सांगितला, तर मी खेळत्या भांडवलाचे चक्र निवडेन: कच्च्या मालाचे पैसे हातातून गेल्यापासून विक्रीचे पैसे हातात येईपर्यंतचे दिवस.

उशिरा पैसे देणाऱ्यांविरुद्ध कायदे आहेत. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार सरकारी संस्थांनी सर्वसाधारणपणे ३० दिवसांत आणि कंपन्यांनी एकमेकांना ६० दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास केंद्रीय बँकेच्या संदर्भदरापेक्षा किमान ८ टक्के-बिंदू अधिक दराने व्याज मागता येते. पण मागतो कोण? व्याजाचे बिल पाठवले की पुढची ऑर्डर मिळणार नाही, हे दोघांनाही माहीत असते. कायदा दुबळ्या बाजूला हक्क देतो, ताकद देत नाही, आणि लहान उद्योगाचे दुखणे ताकदीचे असते.

नवखी

खतावणी, एक शंका आहे. तुमच्या उदाहरणात विक्री दीडपट झाल्यावर सगळाच खर्च दीडपट धरला आहे. आमच्या सात जणांच्या कार्यालयात काम दीडपट झाले म्हणून जागेचे भाडे वाढत नाही आणि पगारही लगेच वाढत नाहीत. मग तूट इतकी खोल जाईल का?

खतावणी

प्रश्न बरोबर आहे, मी सोयीसाठी ते गाळले होते. ८५ पैकी ६० माल आणि २५ स्थिर खर्च धरला, तर विक्री १५० झाल्यावर खर्च ९० अधिक २५, म्हणजे ११५ होतो. तूट दरमहा १५, तीन महिन्यांत ४५; नंतर मात्र दरमहा ३५ उरतात. खड्डा उथळ होतो, नाहीसा होत नाही. ज्यांचा बहुतेक खर्च पगारांचा असतो त्यांच्याकडे तो वेगळ्या रीतीने येतो. बराच काळ काहीच वाढत नाही आणि मग एकदम तीन माणसे घ्यावी लागतात, ज्यांचा पगार पहिल्या महिन्यापासून सुरू होतो आणि काम चौथ्या महिन्यापासून.

तारण

मी काही वर्षे लहान उद्योगांच्या कर्जांचे अर्ज तपासण्याचे काम केले आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो. ‘जास्त व्याज द्यायला तयार आहे, तरी बँक कर्ज देत नाही’ ही तक्रार सार्वत्रिक आहे. त्यामागचे कारण स्टिग्लिट्झ आणि वाइस यांनी १९८१ मध्ये नीट उलगडले होते. व्याजदर चढवत नेला की सावधपणे धंदा करणारे आधी बाजूला होतात आणि ‘बुडालो तर बुडालो’ म्हणणारे रांगेत उरतात. घेतलेले कर्जही मग अधिक धोक्याच्या कामात लावले जाते. म्हणून बँक दर वाढवण्याऐवजी कर्जच नाकारते. कोणता अर्जदार कसा आहे हे तिला बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून ती तारण मागते. आणि तारण असते ते आधीच स्थिरावलेल्याकडे.

पैशाची टंचाई खरी आहे, याचाही पुरावा आहे. श्रीलंकेतील अगदी छोट्या व्यावसायिकांना चिठ्ठ्या टाकून अनुदान दिले गेले, तेव्हा त्या जादा भांडवलावरचा परतावा महिन्याला सुमारे ५ टक्के निघाला; २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातला हा आकडा तिथल्या बाजारातल्या व्याजदरांपेक्षा पुष्कळ वर होता. म्हणजे पैसा मिळता तर धंदा वाढला असता.

मात्र अर्जांच्या फायलींत मी जे पाहिले, त्यात एक चूक इतक्या वेळा आढळली की ती इथे नोंदवतोच. मालाच्या खरेदीसाठी मिळालेल्या कॅश क्रेडिटमधून (ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढत-भरत राहायचे बँकेचे कर्जखाते) यंत्र विकत घेतले जाते. मर्यादा शिल्लक असते, यंत्राचे मुदतकर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो आणि विक्रेता सवलतीची तारीख दाखवत असतो. यंत्राचे पैसे पाच वर्षांत वसूल होणार आणि कॅश क्रेडिट तर दर महिन्याला फिरत राहायला हवे. दोन महिन्यांत खाते मर्यादेला टेकते, कच्चा माल उधारीने महाग घ्यावा लागतो आणि नवे यंत्र मालाअभावी उभे राहते. अशा माणसाला भांडवल कमी पडले, असे आकडेवारीत नोंदले जाईल. मला ते अर्धेच खरे वाटते. दुसरी गोष्ट म्हणजे घराचा आणि धंद्याचा पैसा एकाच खात्यात असणे. त्यामुळे अर्ज नाकारणे सोपे होते, कारण त्या खात्यावरून धंदा चालतो की नाही ते कोणालाच, मालकालाही, सांगता येत नाही.

निरीक्षक

आतापर्यंतच्या चर्चेत सर्वांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: प्रत्येक लहान उद्योगाला मोठे व्हायचे आहे. हर्स्ट आणि पग्सली यांनी २०११ मध्ये अमेरिकेतील आकडेवारीवरून दाखवले की बहुसंख्य लहान व्यावसायिकांना धंदा सुरू करतानाही फारसा विस्तार करायचा नसतो किंवा काही नवे बाजारात आणायचे नसते. स्वतःच्या मर्जीने काम करता यावे, एवढा हेतू अनेकांना पुरेसा असतो. अशा उद्योगाची वाढ ‘अडली’ म्हणणे म्हणजे बागेतल्या तुळशीला वडाचे माप लावण्यासारखे आहे.

दुसरा गैरसमज आकाराविषयी. लहान उद्योगच सर्वाधिक रोजगार निर्माण करतात, हे विधान डेव्हिड बर्च यांच्या १९७९ च्या अहवालानंतर जगभर पसरले. हॉल्टिवँगर, जार्मिन आणि मिरांडा यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील आकडे पुन्हा तपासले, तेव्हा उद्योगाचे वय हिशोबात घेतल्यावर आकाराचा आणि वाढीचा ठोस संबंध उरला नाही. वाढतात ते तरुण उद्योग, आणि तरुण उद्योग बहुधा लहान असतात, म्हणून श्रेय आकाराला मिळत राहिले. त्याच तरुणांमध्ये मरणाचे प्रमाणही मोठे आहे: अमेरिकेत नव्या आस्थापनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा पहिल्याच वर्षात आणि जवळपास निम्म्या पाच वर्षांत बंद होतात. टिकून राहिलेल्यांपैकी थोडेच झपाट्याने वाढतात आणि बाकीचे आहेत तिथेच स्थिरावतात. सरासरीवर धोरण आखले की ते कोणाच्याच कामाचे राहत नाही, ते यामुळे.

आता लेथवाला यांच्या बाजूने एक मुद्दा. चँग-ताय शे आणि पीटर क्लेनो यांनी २०१४ मध्ये कारखान्यांच्या आयुष्यक्रमाची तुलना केली. अमेरिकेतला ४० वर्षांचा कारखाना नव्या कारखान्याच्या सातपटींहून अधिक माणसे कामाला ठेवतो, तर मेक्सिकोतले आणि भारतातले टिकून राहिलेले कारखाने तेवढ्या वयात साधारण दुपटीपर्यंतच पोहोचतात. भांडवलाची उणीव एवढा मोठा फरक एकटी घडवेल, असे मला वाटत नाही. वाढण्याचा फायदाच जिथे कमी, तिथे कारखानदार वाढण्यासाठी लागणारा खटाटोप करत नाही.

नियमांचा परिणाम पाहायचा तर फ्रान्सचे उदाहरण नेमके आहे. तिथे ५० कामगारांपासून कामगार समितीसह बऱ्याच जबाबदाऱ्या लागू होत असत. उद्योगांची आकारानुसार मांडणी केली की ४९ कामगारांपाशी गर्दी आणि ५० च्या पुढे एकदम ओस, असे चित्र दिसते. गारिकानो, लेलार्ज आणि व्हॅन रीनेन यांनी २०१६ मध्ये त्याचा हिशोब मांडला. हे नियम कामगारांसाठी चांगले असू शकतात आणि मी ते काढा म्हणत नाही. पण एका माणसाच्या फरकाने जबाबदारीचा डोंगर उभा राहत असेल, तर मालक पन्नासावा माणूस घेणार नाही, एवढे गणित त्याला येते.

विक्रीखाते

बाजाराकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. विक्री किती आहे यापेक्षा ती कोणाला आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. मी ज्या उद्योगात विक्री सांभाळत असे, तिथे एका मोठ्या खरेदीदाराकडून ७० टक्के धंदा येत होता. पहिली तीन वर्षे सुखाची गेली. चौथ्या वर्षी त्यांच्या खरेदी विभागाने दर ४ टक्क्यांनी कमी करायला सांगितले, पाचव्या वर्षी पुन्हा ३ टक्क्यांनी. शिवाय मालाचा साठा आमच्याकडे ठेवायचा, त्यांना लागेल तसा पाठवायचा आणि बिल माल वापरल्यावर करायचे. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण त्यांच्या नगासाठी बनवलेली जिग-फिक्स्चर (नग यंत्रावर पकडून ठेवणारी साधने) दुसऱ्या कोणाच्याच कामाची नव्हती. उलाढाल दर वर्षी वाढत होती आणि आम्ही दर वर्षी अधिक गरीब होत होतो. कामगिरी आणि वाढ हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण त्यांची दिशा एकच असेल असे नाही.

तरीही मोठे, चोखंदळ गिऱ्हाईक टाळावे, असे मी म्हणणार नाही. इजिप्तमध्ये हातमागावर गालिचे विणणाऱ्या छोट्या कारखानदारांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून निर्यातीच्या ऑर्डरी मिळवून देण्यात आल्या. अ‍ॅटकिन, खंडेलवाल आणि ओस्मान यांच्या २०१७ च्या त्या अभ्यासात नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला आणि विणकामाचा दर्जाही सुधारला. खरेदीदाराच्या सूचनांमधून ते शिकत गेले. म्हणजे कडक गिऱ्हाईक ही एक शाळाच आहे. फक्त ती एकच शाळा असू नये. आम्ही पुढे असा नियम केला की कोणत्याही एका खात्याचा वाटा ३५ टक्क्यांवर गेला, की नवी खाती शोधण्यासाठी वेगळा माणूस नेमायचा. नियम केला तेव्हा खूप उशीर झाला होता, ही वेगळी गोष्ट.

लेथवाला

सर्वांचे आभार. खतावणी, तुमचे गणित मी वहीत उतरवून घेतले आणि माझ्या गेल्या वर्षाचे आकडे घालून पाहिले. मी चुकलो, असे सरळ मान्य करतो, पण अर्धेच. माझी वसुली सरासरी ८४ दिवसांची निघाली. गिऱ्हाइकाशी ठरलेली मुदत ६० दिवसांची आहे. मधले २४ दिवस कुठे गेले ते शोधले, तेव्हा गिऱ्हाइकाचा उशीर त्यात ११ दिवसांचाच होता. उरलेल्या १३ दिवसांत माल गेल्यावर आमचे बिलच निघालेले नव्हते, कारण मालासोबतच्या डिलिव्हरी चलानावरचा दर तपासून सही करणारा माणूस मी, आणि मी आठवड्यातून दोनदाच टेबलावर बसत होतो. तुमच्या खेळत्या भांडवलाच्या चक्रातही माझा खण निघाला, म्हणून अर्धेच म्हणतो.

निरीक्षक, वाढायचेच नसलेल्यांविषयीचे तुमचे म्हणणे पटले. धाग्याचे शीर्षक ‘वाढू पाहणाऱ्या उद्योगाची’ असे हवे होते. फ्रान्सच्या ४९ चा मुद्दाही योग्य आहे, पण माझ्या माहितीतले बहुतेक जण त्या उंबरठ्याच्या फार अलीकडेच थांबलेले आहेत, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या बाबतीत नियमांना मी खालचे स्थान देईन. वीज, वाहतूक, चलनाचा चढउतार यांबद्दल मी लिहिले नाही. ते शेजाऱ्यालाही तितकेच सोसावे लागते, म्हणून एक वाढला आणि दुसरा थांबला, याचे स्पष्टीकरण त्यांतून फारसे मिळत नाही.

नवखी

सर्वांना एकत्रच विचारते. उद्योजकांसाठीच्या प्रशिक्षणवर्गांचा काही उपयोग होतो का? आणि लेथवाला, मायक्रोमीटर खणातून बाहेर काढल्यावर पुढे काय झाले, ते तुम्ही लिहिलेच नाही.

निरीक्षक

प्रशिक्षणाबद्दल एकच उत्तर देता येत नाही, कारण काय शिकवले यावर ते अवलंबून आहे. टोगोमध्ये १,५०० छोट्या व्यावसायिकांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटाला हिशोब, विक्री, नियोजन असे नेहमीचे धडे दिले; दुसऱ्याला स्वतः पुढाकार कसा घ्यावा, संधी कशी हेरावी, अडथळा आल्यावर चिकाटी कशी धरावी याचा सराव दिला; तिसऱ्याला काहीच दिले नाही. २०१७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा पुढाकाराच्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढलेला होता. नेहमीच्या धड्यांच्या गटात दिसलेली ११ टक्के वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. हिशोब शिकवू नये, असा अर्थ कृपया काढू नका. तारण यांनी सांगितलेली एकाच खात्याची चूक हिशोबाच्या धड्यानेच सुटते. एवढेच म्हणता येईल की वर्गात वही कशी भरायची ते कळते, पण संध्याकाळी ती भरायला बसवणारी गोष्ट वेगळी असते.

लेथवाला, तुम्ही सांगितलेल्या गिरण्यांचा पुढचा भाग तुम्हाला माहीत असेलच. तेच संशोधक आठ-नऊ वर्षांनी परत गेले, तेव्हा लावलेल्या सवयींपैकी सुमारे निम्म्या सुटलेल्या होत्या. कारणांत दोन ठळक होती: सवय लावून घेतलेला व्यवस्थापक नोकरी सोडून गेला, किंवा मालकाला लक्ष द्यायला वेळ उरला नाही. तरीही प्रयोगात नसलेल्या गिरण्यांपेक्षा त्या पुढेच होत्या.

लेथवाला

व्यवस्थापक सोडून जाण्याचा भाग मी स्वतः भोगला आहे, आणि नवखी यांच्या प्रश्नाचे उत्तरही तेच आहे.

मायक्रोमीटर बाहेर काढला, त्याच्यासोबत आणखी दोन घेतले आणि पहिला नग पास करायचा अधिकार तीन सेटरना, म्हणजे यंत्रावर जॉब लावून देणाऱ्या कारागिरांना, दिला. पहिल्या दोन महिन्यांत रिजेक्शन वाढले. शंभरात दोन नग जात होते, ते साडेतीन जाऊ लागले, आणि रोज संध्याकाळी किल्ली परत घ्यावी असे वाटे. एका सेटरने व्यासाऐवजी लांबीच्या टॉलरन्सचा (मापात चालणाऱ्या फरकाचा) आकडा वाचून अख्खा लॉट सोडला. १४० नग भंगारात गेले. मग प्रत्येक जॉबसाठी एक कार्ड केले. पहिल्या नगावर नेमकी कोणती पाच मापे, कोणत्या गेजने, कोणत्या क्रमाने घ्यायची, आणि मोजलेला आकडा कार्डावर लिहून खाली सही करायची. ‘ओके’ असे लिहायला मनाई केली, आकडाच लिहायचा. चौथ्या महिन्यात रिजेक्शन पुन्हा दोनवर आले आणि यंत्रांच्या पाट्यांवरचे ‘साहेब येईपर्यंत’ आठवड्याला ४१ तासांवरून ६ तासांवर आले. सातव्या यंत्राचा अर्ज मी त्या वर्षी केलाच नाही.

दीड वर्षाने तिघांपैकी सर्वांत हुशार सेटर दुप्पट पगारावर दुसरीकडे गेला. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने त्याच्या यंत्रापाशी जाऊन उभा राहिलो. त्याच्या हाताखालच्या मुलाने कार्ड काढले, पाचही मापे घेतली, आकडे लिहिले आणि सहीच्या जागी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली आणि तिथून निघालो. लॉट बरोबर आला. मात्र त्या सेटरकडे कार्डावर न लिहिलेले बरेच काही होते. कोणत्या पुरवठादाराची सळई कडक येते आणि तिच्यासाठी यंत्राचा वेग किती उतरवायचा, हे आम्हाला पुढच्या सहा आठवड्यांत इन्सर्ट मोडून मोडून पुन्हा शिकावे लागले. ते आकडे आता कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलेले असतात.